हौसेच्या गाडीचा हिशेब

(वाणिज्य शाखा, द्वितीय वर्ष)

मोटार घ्यावयाची म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो 'माणसे किती बसतात?' हा. जिच्यात दोनच माणसे बसतात आणि मागे एक बॅग कशीबशी मावते अशी गाडी घेणाऱ्यास आपण एक तर गर्भश्रीमंत समजतो, नाही तर खुळा. या गाड्यांच्या मुख्य जाती दोन. दोन आसने आणि उघडझाप करता येणारे छप्पर असेल ती रोडस्टर. छप्पर पक्के, दारे दोन आणि मागची बाजू उतरती असेल ती कूपे. दोन्हींचा प्रपंचाला उपयोग बेताचाच. तरीही जगात लाखो सामान्य पगारदारांनी अशा गाड्या घेतल्या आहेत, नव्या आणि जुन्याही. त्यांनी त्या कशा घ्याव्यात, हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यास शोभणारा प्रश्न आहे, कारण घसारा, व्याज, स्थिर खर्च आणि मालविक्रीचा कायदा ही आपल्या अभ्यासक्रमातली चार प्रकरणे या एका व्यवहारात एकत्र भेटतात.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्याला चारचौघांहून वेगळी गाडी हवी आहे, त्याने चारचौघांनी भरपूर घेतलेली गाडीच घ्यावी. हे उफराटे वाटेल, म्हणून जरा विस्ताराने मांडतो.

रोडस्टरचा शौक सर्वसामान्यांत पसरला तो मुख्यतः इंग्लंडमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर मायदेशी परतलेल्या अमेरिकन सैनिकांना तिथल्या एम.जी. गाड्यांची गोडी लागली होती, आणि पुढची तीस वर्षे इंग्लंडच्या कारखान्यांनी अमेरिकेची ही हौस पुरवली. १९६२ साली निघालेली एम.जी.बी. तर पाच लाखांच्या वर तयार झाली. परंतु या गाड्या दिसायला जितक्या देखण्या तितक्याच नखरेल. तेल गळायचे, विजेची जोडणी दगा द्यायची. १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डन येथील एम.जी.चा कारखाना बंद झाला आणि स्वस्त रोडस्टरची जागा जवळजवळ रिकामीच राहिली.

ती जागा जपानने भरली. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-लेखकाने १९७९ मध्ये माझदा कंपनीचे केनिची यामामोतो यांना सुचवले की जुन्या इंग्रजी धर्तीची, हलकी, साधी, उघडी गाडी आता कोणीतरी काढली पाहिजे. पुढे हॉल स्वतःच माझदात गेले. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती गाडी जगापुढे आली. नाव एम.एक्स.-५, अमेरिकेत मियाटा. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, इंजिन अवघे १.६ लिटरचे, वजन टनाच्या आत. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, अशा अर्थाचा 'जिंबा इत्ताई' हा जपानी शब्दप्रयोग तिच्या निर्मात्यांनी बोधवाक्य म्हणून घेतला होता. २२ एप्रिल २०१६ रोजी या मालिकेतली दहा लाखावी गाडी तयार झाली. दोन आसनी उघड्या खेळगाड्यांत इतकी खपलेली दुसरी गाडी नाही.

आता किमतीकडे वळू. १९८९ मध्ये अमेरिकेत तिची मूळ किंमत १३,८०० डॉलर होती. २०२५ च्या सुमारास तीच गाडी, अर्थात चौथ्या पिढीची, तीस हजार डॉलरच्या घरात होती. पाहणारा म्हणेल, दुपटीहून महाग झाली! पण अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक १९८९ मध्ये सरासरी १२४ होता, तो २०२४ मध्ये सुमारे ३१३.७ झाला. त्या हिशेबाने १९८९ चे १३,८०० डॉलर म्हणजे २०२४ चे जवळजवळ ३५ हजार. म्हणजे मधल्या काळात इंजिन मोठे झाले, हवेच्या पिशव्या वाढल्या, ब्रेक सुधारले, आणि गाडी वास्तविक किमतीत स्वस्त झाली. निर्देशांकाचा धडा परीक्षेपुरता पाठ करणाऱ्यांनी हे उदाहरण करून पाहावे.

नवी की जुनी, हा पुढचा प्रश्न. आपल्या पुस्तकात घसारा शिकवताना यंत्र किंवा मोटार घेतात, आणि घटत्या शिल्लक पद्धतीने दर साल १५ टक्के कापतात. दहा लाखांची गाडी पाच वर्षांनी ४,४३,७०५ रुपयांवर येते. आपल्याकडील विमा कंपन्यांचे कोष्टक निराळे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग दर वर्षी २०, ३०, ४० आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीस ५० टक्के कपात. दोन्ही कोष्टके शहाणी आहेत, पण दोघांनाही गाडी ओळखता येत नाही. त्यांच्या लेखी प्रपंचाची डबेवजा गाडी आणि कोणाच्या तरी स्वप्नातली रोडस्टर एकच. बाजार मात्र ओळखतो. मियाटाची पहिली पिढी, जिचे पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर उघडतात, ती आधी रीतसर स्वस्त होत गेली. नंतर चांगल्या स्थितीतल्या गाड्यांचा उतार थांबला आणि गेल्या दहा-एक वर्षांत भाव उलटे चढले. असा घसारा कोणत्याच कोष्टकात बसत नाही.

यावरून शौकीन मंडळी एक सिद्धान्त काढतात : जुनी घ्यावी, पाच वर्षे मनसोक्त फिरावे, घेतली त्याच भावात विकावी, म्हणजे हौस फुकटात झाली. ऐकायला फार गोड आहे. आमच्याच घरात हा सिद्धान्त येऊन धडकला, म्हणून तो तपासण्याची पाळी माझ्यावर आली.

आमच्या आत्याचा मुलगा मिशिगनमध्ये नोकरीस आहे. त्याच्या शिक्षणासाठी इथल्या बँकेचे कर्ज काढले, त्याला आत्याचे टिळकवाडीतले घर तारण आहे. कर्जाचे हप्ते नियमाने जात होते. अशात दादाने सांगितले की सहा हजार डॉलरला एक जुनी मियाटा घेतो आहे. आत्याने मला फोन केला. "तुझ्या कॉमर्सचा काही उपयोग असेल तर त्याला समजाव. घराची कागदं बँकेत, आणि हा बिनछपराची गाडी घेतोय!"

मी कागद घेऊन बसलो. कर्जावरचा व्याजदर सोयीसाठी १० टक्के धरला. सहा हजार डॉलर गाडीत न घालता कर्जात भरले तर पाच वर्षांत चक्रवाढीने ९,६६३ डॉलरचा भार हलका होतो. पाच वर्षांनी गाडी अगदी पाच हजारांना विकली गेली, तरी खरा खर्च एक हजार नव्हे, ४,६६३ डॉलर. महिन्याला सुमारे ७८. देखभाल, विमा, टायर वेगळे. आणि नवी, तीस हजारांची घेतली असती तर? तेच गणित ४८,३१५ वर जाते; निम्मी किंमत परत आली असे धरले, तरी महिन्याला ५५५ डॉलर. म्हणजे जुन्या गाडीची हौस फुकट नाही, पण नवीच्या सातव्या हिश्श्यात होते. संधी-परिव्यय हा शब्द आम्ही पहिल्या वर्षापासून घोकतो. त्याचा अर्थ मला आत्याच्या त्या फोनमुळे कळला.

दादाचे उत्तर सरळ होते. महिन्याला ७८ डॉलर म्हणजे बाहेर दोन वेळा जेवण्याचा खर्च; तो बाहेर जेवणार नाही. यावर माझ्याजवळ वाणिज्यशास्त्रीय प्रत्युत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर ते असूही नये. हौसेची किंमत किती हे हिशेबाने सांगता येते; ती द्यावी की नाही हे ज्याच्या खिशातून जाते त्याने ठरवावे. मात्र तारणाचे घर आत्याचे होते, म्हणून एक अट घरच्यांनी घातली व त्याने ती पाळली : आधी कर्जाचे सहा हप्ते आगाऊ भरायचे, मग गाडी.

आता जुन्या गाडीच्या बाजारातील मुख्य धोका पाहू. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला बोलीभाषेत 'लेमन', म्हणजे लिंबू म्हणतात. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली याच लिंबांच्या बाजारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तो छापण्यापूर्वी एकाहून अधिक नामवंत नियतकालिकांनी परत पाठवला होता. त्याच विचाराबद्दल २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

विचार साधा आहे. समजा बाजारात तीन जुन्या गाड्या आहेत. एकीची खरी किंमत सहा हजार, दुसरीची चार, तिसरीची दोन. कोणती कशी हे मालकाला ठाऊक, गिऱ्हाइकाला नाही. त्याला तिन्ही सारख्याच चकचकीत दिसतात. तो साहजिकच सरासरी, म्हणजे चार हजार देऊ करतो. सहा हजारवाला म्हणतो, मी नाही विकत, आणि गाडी घरी नेतो. आता उरलेल्यांची सरासरी तीन हजार. मग चार हजारवालाही निघून जातो. शेवटी बाजारात उरते ते लिंबू. वाईट नाणे चांगल्या नाण्यास हुसकावते हा ग्रेशॅमचा नियम आपण चलनाच्या प्रकरणात शिकतो, त्याचेच हे भावंड. आपल्याकडे 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणतात. अ‍ॅकरलॉफचे म्हणणे असे की मूठ झाकलेलीच राहिली तर आत सव्वा लाख असले तरी त्याचा भाव कवडीचा होतो. आपल्या गावातला जुन्या स्कूटरींचा दलाल 'गाडी छलो ऐतरी' असे हसतमुखाने सांगतो, तेव्हा तो खोटेच बोलत असेल असे नाही. पण खरे असते तरी तो हेच बोलला असता, आणि अडचण नेमकी तिथे आहे.

मूठ उघडण्याचे मार्ग दोन. विक्रेत्याने आपणहून पुरावा द्यावा, अथवा गिऱ्हाइकाने तपासून घ्यावे. पुरावा म्हणजे प्रत्येक सर्व्हिसची पावती, तारीख व मैलांसह. ज्याने वीस वर्षे पावत्या फाइलला लावल्या त्याने तेलही वेळेवर बदलले असण्याचा संभव मोठा. तपासणी म्हणजे आपला, विक्रेत्याचा नव्हे, असा मेकॅनिक पैसे देऊन नेणे.

इथे 'भरपूर खपलेली गाडी घ्या' या मताचा पहिला फायदा दिसतो. लाखो गाड्यांची दुखणी लाखो मालकांनी सोसून जगजाहीर केलेली असतात, त्यामुळे कुठे बोट ठेवायचे हे आधीच ठाऊक असते. जुन्या मियाटाचेच पाहा. कापडी छपरावरचे पाणी वाहून जाण्यासाठी आसनांच्या मागे दोन निचऱ्याच्या वाटा आहेत. त्यात पाला अडकला की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे सिलमध्ये, साचते आणि पत्रा आतून कुजतो. मागच्या चाकाच्या पुढे, दाराखाली, तिथे रंगाला फोड दिसला की सावध व्हावे. इतर मोटारीत हे दुखणे वरवरचे ठरेल. उघड्या मोटारीत तसे नाही. पक्क्या छपराची गाडी ही पेटीसारखी असते, छप्परही भार घेते. छप्पर काढले की सगळा ताण तळावर व दोन बाजूंच्या सिलवर येतो. सिल हा तिचा कणाच म्हणावा. मिशिगनसारख्या प्रांतात हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने हे कुजणे दुप्पट वेगाने होते. याखेरीज १९९० व ९१ च्या काही इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड असून ते झिजण्याची तक्रार प्रसिद्ध आहे. टाइमिंग बेल्ट साठ हजार मैलांना बदलावा लागतो. बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे व तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी. पहिल्या पिढीच्या छपराची मागची खिडकी प्लॅस्टिकची, ती पिवळी पडून तडकते. दुसऱ्या पिढीपासून ती काचेची आहे.

दादाने पाहिलेली पहिली गाडी लाल, चकचकीत, ऐन मोसमात विकायला काढलेली. मेकॅनिकने ती रॅम्पवर चढवून सिलला हातोडीने हलकेच ठोकले, तर आवाज बद्द आला. आत पत्र्याऐवजी पुट्टी भरली होती. तपासणीची फी गेली, सहा हजार वाचले. पुढे त्याने अ‍ॅरिझोना या कोरड्या प्रांतातून आलेली, २००३ सालची, पावत्यांच्या जाड फाइलसकट मिळालेली गाडी घेतली. आत्याचा राग अजून पुरता गेलेला नाही. आम्ही दोघं तिकडं आलो तर बसायचं कुठं, हा तिचा प्रश्न बिनतोड आहे.

दुसरा फायदा सुट्या भागांचा. मियाटाच्याच काळात इतरही देखण्या गाड्या आल्या. जनरल मोटर्सने २००५ मध्ये पॉन्टिअ‍ॅक सॉल्स्टिस काढली, रूपाने मियाटाहून काकणभर सरसच. पण २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, तिचा डेलावेअरमधील कारखाना बंद झाला आणि पॉन्टिअ‍ॅक हे नावच पुसले गेले. क्रायस्लरची क्रॉसफायर अशीच. ती जर्मनीत कारमान कंपनीने मर्सिडीझच्या जुन्या एस.एल.के.च्या सांगाड्यावर बांधली. चार-पाच वर्षांत आटोपली. तिचे आतले यंत्र मर्सिडीझचे असल्याने त्याची चिंता कमी, पण दिवा वा बाहेरचा पत्रा फक्त तिचाच, आणि तो बनवणारा आता कोणी नाही. अशा पोरक्या गाड्या जुन्या बाजारात मोहक किमतीला दिसतात. तो स्वस्तपणा पुढच्या खर्चाची आगाऊ सूट असतो.

हे का घडते ते समजण्यासाठी अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. आपली उद्यमबाग पुरे. बेळगावच्या फौंड्रीत मोटारी व पंपांचे ओतीव भाग होतात हे सर्वांस ठाऊक आहे. एखादा भाग ओतायचा तर प्रथम पॅटर्न करावा लागतो, मग साचा, मग रस, मग मशीनवर काम. पॅटर्नचा खर्च नग एक असो की दहा हजार, तेवढाच. समजा तो वीस हजार रुपये आहे. दहा हजार नगांवर तो वाटला तर नगामागे दोन रुपये. एकाच नगावर पडला तर वीस हजार. पत्रा दाबण्याचे डाय तर याच्या कितीतरी पट महाग असतात. म्हणून दहा लाख भावंडे असलेल्या गाडीचा भाग मूळ कंपनीखेरीज दहा कारखानदार बनवतात, आणि पोरकीचा भाग भंगारात शोधावा लागतो. आपण आपल्यापुरती एकच गाडी विकत घेत असलो तरी तिच्या सर्व भावंडांच्या मालकांशी आपली न लिहिलेली भागीदारी होत असते. भागीदार जितके जास्त, तितका स्थिर खर्चाचा वाटा कमी.

भारतात ही भागीदारी कधी जमलीच नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या सॅन कंपनीने 'स्टॉर्म' नावाची फायबर-ग्लासच्या अंगाची, रेनोचे लहान इंजिन बसवलेली दोन आसनी गाडी काढली. थोड्याच तयार झाल्या. टाटांनी मार्च २०१७ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात 'रेसमो' ही सुरेख दोन आसनी गाडी मांडली; ती बाजारात आलीच नाही. परदेशातून जुनी आणावी तर नियमाने ती तीन वर्षांहून जुनी नसावी आणि सुकाणू उजवीकडे असावे लागते, वर जकात. दादाची गाडी त्याने कितीही म्हटले तरी टिळकवाडीत यायची नाही. जुन्या फियाटचे वा मारुतीचे छप्पर कापून 'रोडस्टर' करणारे काही कलाकार अधूनमधून दिसतात. त्यांनी सिलविषयी वर लिहिलेले पुन्हा वाचावे. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरबदल करण्यास मनाई आहे.

आपल्याकडे कोणी हौसेची जुनी गाडी, मग ती दोन दारी असो वा चार, घेतलीच तर कागदांकडे इंजिनाइतकेच लक्ष द्यावे. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ मध्ये घेणाऱ्याने सावध राहावे हे तत्त्व काही अपवादांसह आहे. अपवाद सिद्ध करत कोर्टात बसण्यापेक्षा आधी पाहिलेले बरे. फॉर्म २९ व ३० भरून मालकी बदलावी. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे, असे कलम ५० सांगते. हे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार. पूर्वीच्या मालकाचे कर्ज फिटले असेल तर फॉर्म ३५ वर बँकेची सही घेऊन बोजा उतरवून घ्यावा, नाही तर गाडी आपली आणि तारण त्याचे. आणि आपल्या सीमाभागासाठी खास : गोवा वा कोल्हापूर पासिंगची गाडी स्वस्त दिसते म्हणून भुलू नये. दुसऱ्या राज्याची गाडी इथे बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर कलम ४७ प्रमाणे नवा क्रमांक घ्यावा लागतो, त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते, आणि कर्नाटकाचा आजीवन कर भरावा लागतो. तो रोख किमतीत मिळवून मगच दलालाशी घासाघीस सुरू करावी, मराठीत किंवा कन्नडमध्ये, जी भाषा त्याला कमी येते तीत.